परवायिल्ल

कीबोर्डाला हात लावण्याआधी तो दोन्ही तळवे एकमेकांवर घासायचा आणि म्हणायचा, "चिंता नको. आतां पाहूं." त्यातले शेवटचे दोन्ही अनुस्वार अगदी नाकातून यायचे. आमच्या चेन्नईतल्या अंबत्तूरच्या ऑफिसात मराठी कळणारा मी एकटाच, त्यामुळे त्या अनुस्वारांचा छळही माझ्या एकट्याच्याच वाट्याला.

आमची कंपनी कारखान्यांच्या गोदामांसाठी सॉफ्टवेअर करायची. महाराष्ट्रात गिऱ्हाइकं वाढली, तेव्हा त्यांचे फोन घ्यायला मराठी येणारा सपोर्ट इंजिनियर हवा, असं मॅनेजरसाहेबांच्या डोक्यात आलं. साहेबांना मराठी आणि गुजराती यांतला फरक माहीत नव्हता, म्हणून निवड अर्थातच त्यांनी केली. एका सोमवारी चाळिशीतल्या, कपाळावर गोपीचंदनाची रेघ ओढलेल्या माणसाला माझ्या टेबलाशी उभं करून ते म्हणाले, "युवर मॅन!"

"आम्ही तंजावरचे," तो हात जोडून म्हणाला. "तीनशें वर्षें जाहलीं इकडे येऊन."

आता काय सांगू तुम्हांला! मी नाशिकचा, शाळेत शुद्धलेखनाचं बक्षीस मिळवलेला. आणि हा दर दोन वाक्यांनी 'बरं बरं'ऐवजी तमिळ 'सरि, सरि' करणारा, दुपारी 'जेवण जाहलें की?' विचारणारा. बखरीतला एखादा कारकून सांबारात पडावा, तशी त्याची मराठी. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, पण मनातल्या मनात मी त्याला अरे-तुरेच करायचो.

नव्या माणसाची ओळख करून देणारी मेल ऑफिसला आणि गिऱ्हाइकांना जायची. शिक्षण, अनुभव, छंद, भाषा, असे ठरलेले रकाने. ती लिहायचं काम माझ्याकडे. दुपारी तो घुटमळत आला.

"सर, भाषेमध्यें मराठी लिहितां ना?"

"बघू."

"आमच्या आप्पांस दाखवायचें आहे. ते म्हणतात, मराठीमुळें नोकरी मिळाली असा आपल्या घरांत कोणी जाहला नाही. कागदावर पाहतील तर बरें वाटेल त्यांस."

मी मेल लिहिली. भाषा: इंग्रजी, तमिळ. पाठवून मोकळा झालो. याच्या बोलण्याला मराठी म्हणायचं, तर मी बोलतो ती काय? त्याने मेल छापून घेतली आणि जागेवर जाऊन बसला.

महिन्याभरात त्याने माझं म्हणणं खरं करून दाखवलं. सोलापूरच्या एका चादरींच्या कारखान्याचे भांडारप्रमुख फोनवर त्याला म्हणाले, "उगं त्रास दिला तुम्हांला." त्यावर तमिळ माणूस 'काही हरकत नाही' या अर्थाने जे म्हणतो, तेच याच्या तोंडून गेलं, "परवायिल्ल." तिकडे ऐकू आलं, "परवा येईल."

त्या 'परवा'च्या सकाळी माझा फोन वाजला.

"ओ साहेब, जीप घेऊन स्टेशनात हुबा हाय मी. मद्रासची गाडी येऊन गेली. तुमचा माणूस कुठाय?"

मी त्याला सगळ्यांदेखत झाडलं. "आजपासून मराठी बंद. इंग्रजीतच बोलायचं. ही तुमची खिचडी लोकांना वाढू नका."

"सरि, सर," तो म्हणाला. तळवे घासले, पण नेहमीचं वाक्य काही आलं नाही.

संध्याकाळी रजेचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवून तो सोलापूरच्या गाडीत बसला. अर्ज इंग्रजीत होता, मी बजावल्याप्रमाणे. कारण दिलं होतं, 'माझ्या तोंडून शब्द गेला आहे.'

तीन दिवसांनी भांडारप्रमुखांचा फोन. "गोदामाचं सगळं मार्गी लावलं की ओ त्यांनी! अन् बोलतात काय गोड! असली मराठी आम्ही पोथीत ऐकलेली. हिथून पुढं फोन त्यांनाच देत जावा. तुमची निम्मी इंग्रजी मराठी आमच्या टकुऱ्यात शिरत न्हाई."

माझा नुसता जळफळाट झाला. हळूहळू सोलापूरचे सगळे फोन त्याच्याच टेबलावर जाऊ लागले आणि माझी मराठीबंदी हवेत विरली. ती मेल मला दुरुस्त करून पुन्हा पाठवता आली असती. एका शब्दाचं काम होतं. मी केलं नाही.

वर्षभराने त्याचे आप्पा गेले. आईला घेऊन तो तंजावरला परत निघाला. शेवटच्या दिवशी "येतों, सर" म्हणायला आला, तेव्हा मी स्क्रीनवरची नजर न काढता पुटपुटलो, "ते मेलमध्ये तुमचं एक राहून गेलं."

"परवायिल्ल, सर," तो म्हणाला.

त्याचं टेबल रिकामं करताना कीबोर्डाखाली ती मेल सापडली. चार घड्या पडलेली, म्हणजे घरी जाऊन आलेली. इंग्रजी, तमिळ, आणि त्यापुढे पेन्सिलीने लिहिलेला एक शब्द, तमिळ लिपीत. त्याला देवनागरी येत नव्हती हे मला तेव्हा कळलं. आप्पांनाही येत नसणार. त्या घरात मराठी तीनशे वर्षं नुसती बोलून टिकवली होती.

आणि चेन्नईत सात वर्षं काढून मला तमिळचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. कागद घेऊन मी खाली वॉचमनकडे गेलो.

त्याने चष्मा लावला, शब्दावर बोट ठेवलं. "मराट्टि, सार." मग माझ्याकडे पाहत म्हणाला, "उंग बाषैदाने?"

तुमचीच भाषा ना? एवढं तमिळ मला कळत होतं.