अँटेनासाठी लावलेला प्रसाद

“विज्ञान आणि श्रद्धा यांचा संगम ज्यांच्या जीवनात झाला, अशी माणसं आता दुर्मीळ होत चालली आहेत.” सदानंदच्या शोकसभेत अध्यक्षांनी हे वाक्य दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा जरा हळू आवाजात. मी मान डोलावली, कारण वाक्य खरं होतं. तो संगम मी स्वतः पाहिला आहे. गोव्यातल्या लाटंबार्शात, सदाच्या बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या डोक्यावर ठेवलेल्या जेवणाच्या पाटावर तो झाला होता. फक्त त्यातून चित्र दिसत नव्हतं.

बातमी आली तेव्हा मी डिचोलीच्या बाजारात मासळीची वाट बघत उभा होतो. त्याच्या पुतण्याचा फोन आला, “सदाकाका गेलो.” मी विचारलं, “खंय?” त्याने पुन्हा तेच सांगितलं, मग कळलं. इतक्या वर्षांच्या मैत्रीनंतर माणसाच्या मृत्यूवर आपण पहिला शब्द ‘कुठे?’ हा उच्चारावा, याचं अजून काय करायचं ते मला समजलेलं नाही. त्यानंतरही डोकं काही ठिकाणावर आलं नाही. दिवसकार्याला गेलो, पंगतीत बसलो, परत आलो. पण त्याच्याविषयी नेमकं काय आठवायचं, ते ठरेना. आठवला तो अँटेना.

आम्ही दोघं एकाच सहकारी सोसायटीत कारकून होतो. मी मयेचा, तो लाटंबार्शाचा. त्याच्या वाड्यावर तेव्हा केबल पोचली नव्हती आणि छपरावरचा अँटेना टिकत नव्हता. काजूच्या दिवसांत माकडं यायची, बोंडू खायची आणि पोट भरलं की अँटेनावर झोके घ्यायची. सदा तो सरळ करून खाली उतरेपर्यंत दुसरी टोळी हजर. शेवटी तो म्हणाला, “माकडां भायर, आमी भितर. म्हणजे अँटेना भितर जाय.” तर्कात खोट काढता येत नव्हती.

म्हापशाहून त्याने घरात ठेवायचा दोन दांड्यांचा अँटेना आणला. दांड्या ओढून लांब केल्या, आडव्या केल्या, तिरक्या केल्या. पडद्यावर पांढरे ठिपके आणि त्यांत कोणीतरी बातम्या देत असल्याचा संशय. मग त्याने स्वतःच अँटेना बांधायला घेतला. छत्रीच्या काड्या सोडवल्या, जेवणाच्या पाटावर खिळे ठोकून त्या आडव्या बसवल्या आणि चपटी वायर जोडली. या कामी दोन छत्र्या खर्ची पडल्या, त्यांतली एक माझी. इंदूवहिनी, त्याची बायको, पुढे कितीतरी दिवस पाहुण्यांना सांगायची, “एक पाट उणो आसा. कोणाक तरी अँटेनार बसचें पडटलें.”

चित्र थोडं सुधारलं. जनेलाकडे, म्हणजे खिडकीकडे, पाट नेला की माणसं दिसायची पण त्यांचे आवाज जायचे. भिंतीकडे आणला की आवाज यायचा आणि माणसं जायची. हे असंच चाललं असतं आणि सदाचं काही बिघडलं नसतं, कारण त्याला टीव्ही बघण्यापेक्षा अँटेना फिरवण्यातच रस होता. पण त्या वर्षी चवथीच्या आधी वाड्यावरच्या बायकांना पणजीला फुगडीच्या चित्रीकरणासाठी बोलावलं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत गावोगावच्या फुगड्या संध्याकाळच्या स्थानिक कार्यक्रमात दाखवणार होते; कोणाची कधी, ते सांगितलं नव्हतं.

इंदूवहिनी म्हणजे त्या फुगडीतला पुढचा गळा. लहानपणापासून नाचत आलेली. पणजीहून परतल्यावर चहा ओतता ओतता ती सहज म्हणाली, “इतलीं वर्सां नाचलें, पूण आपूण नाचताना कशी दिसता, तें आपणाक केन्नाच कळना. आता कळटलें.” सदाने कप खाली ठेवला. त्या क्षणापासून त्या पाटावरच्या काड्यांना अर्थ आला. हिला स्वतःला नाचताना पाहायचं आहे आणि आपल्या घरात माणसं आली तर आवाज जातो!

आता अँटेना कुठे ठेवायचा, हा प्रश्न गंभीर झाला. आमच्याकडे गंभीर प्रश्न देवळात नेतात. मुलीचं स्थळ, विहिरीची जागा, कोर्टातला खटला... देवीच्या मूर्तीला पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. यालाच प्रसाद लावणं म्हणतात. सदाने भटजींना सांगितलं, प्रसाद लावायचा. भटजींनी विचारलं, “कशाविशीं?”

“अँटेनाविशीं.”

भटजींनी हातातली पाकळी खाली ठेवली. मग म्हणाले, “गाऱ्हाणें कशें घालूं रे? देवीक अँटेना म्हळ्यार कळटलें?”

“घरांत चित्र येना म्हणून सांगा. तिका सगळें कळटा.”

भटजींनी गाऱ्हाणं घातलं. सदाने मनात धरलं होतं की यावेळी पाकळीने हो-नाही सांगायचं नाही, बाजू सांगायची. उजवी पडली तर उजवीकडे, डावी पडली तर डावीकडे. आम्ही हात जोडून उभे राहिलो. मी देव मानतो की नाही हे माझं मलाच नक्की सांगता येत नाही, पण त्या पाकळ्यांकडे मी श्वास रोखून बघत होतो. उजवी पडली.

घरी आल्यावर घोटाळा लक्षात आला. उजवीकडे म्हणजे कोणाच्या? देवीच्या उजवीकडे म्हणजे समोर उभ्या असलेल्या आमच्या डावीकडे. त्यात देवीचं तोंड पूर्वेला आणि टीव्हीचं पश्चिमेला. टीव्हीची उजवी बाजू धरायची की बघणाऱ्याची? सदा खोलीच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात पसरून गोल फिरत होता. “देवीचो उजवो हात म्हळ्यार हो हात... ना, ती अशी उबी, म्हणजे हो...” वहिनी दारातून म्हणाली, “वचून परत विचार. आनी येताना दिशा कागदार बरोवन हाड.” तो परत गेला नाही. देवीला एकच प्रश्न दोनदा विचारत नाहीत.

कार्यक्रमाच्या पहिल्या संध्याकाळी त्याने पाट हातातच धरला. सगळ्या उजव्या बाजू आळीपाळीने करून बघता येतील म्हणून. तो टीव्हीच्या मागे, भिंतीला टेकून, पाट डोक्यावर घेऊन उभा. समोर मी आणि वहिनी. आवाज भजी तळल्यासारखा. पडद्यावर बर्फ, आणि बर्फात गोल फिरणाऱ्या सावल्या. सदाने मान वाकडी करून कडेने पाहिलं आणि ओरडला, “ती पळे! दावेकडच्यान तिसरी! मान पळे कशी ताठ! इंदू, तूंच ती!”

वहिनी पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “हय. हांवच.” मीही हो म्हणालो. मला सावल्याच दिसत होत्या, पण नवरा-बायकोचं एकमत झाल्यावर तिसऱ्याने काय बोलायचं? सदाचे डोळे भरून आले होते. चित्र गेलं तरी त्याने पाट खाली ठेवला नाही.

पुढे डिश आली, मग मोबाइल आला, पण ती हकीकत तो भेटेल त्याला सांगत राहिला. मान कशी ताठ, गिरकी कशी हलकी. दरवेळी त्यात थोडी भर पडे.

परवा वहिनीला भेटायला गेलो. पाट कपाटावर ठेवला होता, काड्या गंजलेल्या. तो काढायचा की ठेवायचा, यावर ती बोलेल असं वाटलं. ती वेगळंच बोलली.

“भावजी, त्या दिसा तूंय हय म्हळें. तुका खरेंच दिसलें?”

मी कपाटावरच्या पाटाकडे बघितलं.

“आमी कळशी घेवन नाचलेलीं,” ती म्हणाली. “त्यो बायलो सुपां घेवन नाचताल्यो. सूप लपना मरे, बर्फांतय. त्यो हळर्ण गांवच्यो.”

“मग हय कित्याक म्हळें?”

“तांचे हात कांपताले. पाट जड.” तिने पदराने कपाटाची कड पुसली. “आनी मागीर तांणीं इतल्या फावटी सगळ्यांक सांगलें, हांव कशी दिसतां तें... तशीच दिसत आसतलें.”

लाटंबार्शाची फुगडी त्याच्या पुढच्या आठवड्यात दाखवली होती. त्या संध्याकाळी लाटंबार्शात वीज नव्हती.