लाल पेनातला क्रूस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आमच्या चर्चच्या पाळकांना नाही. देवाला तरी सांगितलं असेल, असं म्हणाल — तर तिथंही मी आडून आडूनच बोलते. माझ्या चुका पदरात घे, असं मोघम. मोघम बोलायला काय जातं?

मी कराडजवळच्या एका गावात, हायस्कूलला मराठी शिकवते. आणि रविवारी कराडात आमच्या चर्चमध्ये मुलांचा वर्ग घेते. सहा दिवस एक बाई, सातव्या दिवशी दुसरी. असं का म्हणते? कारण शाळेत जाताना मी टिकली लावायची. आडनाव इथलंच, दर गावात सापडणारं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पहिल्यांदा लावली तेव्हा जरा चोरट्यासारखं वाटलं, मग सवय झाली. आणि रविवारी तीच टिकली आरशाला चिकटवून मुलांना शिकवायची काय — तर न भिता बोला. डबा उघडलात की डोळे मिटून आभार माना, कुणी हसलं तर हसू द्या. मैत्रीण अडचणीत असेल तर तिला सांगा, मी तुझ्यासाठी प्रार्थना करते म्हणून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — ही म्हणही मीच शिकवते. अर्थासकट.

वर्ग संपला की प्रत्येक मुलाला मी एक चिठ्ठी द्यायची. माझ्या अक्षरात दोन शब्द — 'भिऊ नकोस' — आणि कोपऱ्यात लाल पेनानं काढलेला छोटासा क्रूस. ती आठवडाभर जवळ बाळगायची, आणि पुढच्या रविवारी उभं राहून सांगायचं, आपण कुठं धीर धरला ते.

त्या मुलांत शलोमी होती. तिचे वडील कारखान्यावर ट्रक चालवायचे. त्या गावात ख्रिस्ती घर ते एकच. पाचवीला ती माझ्याच शाळेत आली तेव्हा मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, शाळेत आपली रविवारची ओळख दाखवायची नाही हं. का, असं तिनं विचारलं नाही. मान हलवली, आणि दोन वर्षं ते पाळलं. एवढ्याशा पोरीनं.

सातवीत तिच्या बाकावर समृद्धी बसायची. समृद्धीच्या आईचं मोठं ऑपरेशन ठरलं, आणि पोरगी वर्गात रडत बसायला लागली. शलोमीनं काय केलं? मी शिकवलं तेच. तुझ्या आईसाठी प्रार्थना करते म्हणाली, आणि आपली चिठ्ठी तिला दिली — आईच्या उशाखाली ठेव म्हणून. ती सापडली समृद्धीच्या आजीला.

दुसऱ्या दिवशी आजी शाळेत हजर. "आवं सर, माझी सून तिकडं दवाखान्यात पडलीया, आन् ही पोरगी हे कसलं कागद धाडती? कुणी शिकवलं हिला?" म्हातारी चिडली होती, पण त्याहून जास्त घाबरली होती. मुख्याध्यापकांनी शलोमीला ऑफिसात बोलावलं. मी वर्गशिक्षिका, म्हणून मलाही. चिठ्ठी टेबलावर होती. कुणी दिली, असं त्यांनी विचारलं.

शलोमीनं माझ्याकडं बघितलं. ती थांबली होती — मी बोलेन म्हणून. मी खिडकीबाहेर बघायला लागले. मग ती म्हणाली, "बाईंनी."

मुख्याध्यापकांना हसूच आलं. ह्या बाईंनी? "बाई, वह्या तुम्ही तपासता," ते म्हणाले. "अक्षर कुणाचं, बघा जरा."

मी चिठ्ठी हातात घेतली. निरखून बघितल्याचं नाटकही केलं. आणि म्हणाले, "तिचंच आहे, सर."

कशाला भ्याले मी? नोकरी गेली असती? छे. फार तर मधल्या सुट्टीत दोघीतिघी आपला डबा घेऊन जरा पलीकडं सरकल्या असत्या. एवढ्यासाठी. मुलांना शाळेत लाल पेन आणू देत नाहीत. ते माझ्या पर्सला अडकवलेलं होतं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. कुणाच्या लक्षात आलं नाही. शलोमीनं मात्र त्या पेनाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

शिक्षा झाली — 'मी खोटं बोलणार नाही', शंभर वेळा. वही तपासायला माझ्याकडंच आली. एकही ओळ कमी नव्हती, अक्षर नेहमीसारखं नीट. मी प्रत्येक पानावर बरोबरची खूण केली. त्याच पेनानं.

मला वाटलं, घरी सांगेल. सांगितलंही तिनं. पण आईनं विश्वास ठेवला नाही; आईचा सगळा विश्वास माझ्यावर.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. शलोमी आता सांगलीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चर्चचं नाव काढलं की उठून जाते, म्हणे. तिची आई चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर लिहिते, माझ्या लेकीसाठी प्रार्थना करा, तिचं मन कुणी फिरवलं कळत नाही. मी त्याखाली हात जोडलेलं चित्र टाकते. दर वेळी टाकते.

आणि अजून मी मुद्द्यावर आलेच नाही. पेन, वही, आजी — हे सगळं सांगत मी एक रविवार टाळत होते.

त्या आठवड्यातला रविवार. वर्ग संपला होता, मुलं चिठ्ठ्या घेऊन पांगली होती. शलोमीची आई तिला दंडाला धरून माझ्यासमोर घेऊन आली. "आवं बाई, हिनं तुमचं नाव घेतलं. लय लाज वाटली आमाला. माग गं माफी." तिथं दुसरं कुणी नव्हतं. कपाळावर टिकलीही नव्हती. शलोमी रडली नाही. माझ्याकडं सरळ बघत म्हणाली, "बाई, माझं चुकलं." आणि ऑफिसात थांबली होती तशीच थांबली. अजूनही तिला वाटत होतं, मी बोलेन.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला माफ केलं.