पळालेल्या गाडीची चावी

उन्हाळ्यातल्या त्या नाकाबंदीची आठवण निघाली की आजही मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारायला लागतो. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी या प्रकरणावर मला स्वस्थ बसून बोलता येत नाही. नाव कोणाचंच घेणार नाही.

मी तेव्हा कोल्हापूरलगतच्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. उचगावच्या अलीकडे आमच्या माणसांनी दुचाकींची तपासणी लावली होती. दुपारी हवालदाराने कळवलं की, एक दुचाकीस्वार इशारा करूनही थांबला नाही, पळून जाताना गाडी घसरली आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. त्या माणसावर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल झाला. तो कबनूरचा, यंत्रमागावर काम करणारा, बहिणीला भेटायला उचगावला निघालेला. दवाखान्यात त्याने स्वतःच जबाब दिला, "घसरून पडलो." प्रकरण मिटल्यात जमा होतं.

संध्याकाळी ठाण्यात फोन आला. नाक्यासमोर रसवंती चालवणाऱ्या बाई बोलत होत्या.

"साहेब, माझं नाव कुठं घेऊ नका, मला तिथंच धंदा करायचा हाय. पण त्यो माणूस पडला न्हाय. त्याला मारलाय."

मी चिडलो. खोटं बोलून बाईंना काय मिळणार, हे सुचेना म्हणून जास्तच चिडलो. हवालदार माझा जुना, कामाचा माणूस. जत्रेत हरवलेली पोरं शोधावीत तर त्यानेच. त्याला समोर बसवलं.

"व्हय साहेब, पळत हुता. मी काठी उगारलीसुद्धा न्हाय."

खोटं बोलणारा माणूस फार बडबडतो, असा समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. तो ठरवलेलं तेवढंच बोलतो आणि कितीदा विचारलं तरी शब्द बदलत नाही. मी फिरवून फिरवून विचारलं, हवालदाराने तेच वाक्य पुढे केलं. माझी झोप गेली, पण हातात काही नव्हतं.

सकाळी ठाण्याच्या आवारात टेम्पोतून आणलेली ती दुचाकी जीपच्या वाटेत उभी होती. मी ती हलवायला सांगितलं. एक शिपाई आत गेला आणि पत्र्याच्या डब्यातून तिची चावी घेऊन आला. मी जिन्यावरच थांबलो.

आमच्याकडे एक रीत पडून गेली होती. गाडी थांबली की एकाने कागद मागायचे आणि दुसऱ्याने आधी चावी काढून घ्यायची. तिला नंबरची चिठ्ठी बांधून डब्यात टाकायची. हा अधिकार आम्हाला कोणी दिला, हे कोणीच विचारत नसे. हात आपोआप जायचा.

"ही डब्यात कोणी टाकली?" मी शिपायाला विचारलं.

"मीच की साहेब. गाडी थांबली तशी काढली."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा उतरला.

हवालदाराला पुन्हा बोलावलं. चावी टेबलावर ठेवली. "गाडी थांबली, चावी आपल्या माणसाने काढली. मग बिनचावीची गाडी पळाली कशी?"

त्याने पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "लायसन दावतो म्हणाला, साहेब, पण चावी कशाला काढली ते आधी सांगा म्हणून अडून बसला. माणसं बघाय लागली. चार माणसांत असं ऐकून घेतलं असतं, तर उद्या तिथं कोण थांबलं असतं?"

काठी डोक्यावर येताना त्या माणसाने हात आडवा धरला होता.

उन्हात उभ्या पोलिसाला लोक किती शिव्या घालतात, कसे अंगावर गाडी घालतात, हे मी पाहिलं आहे. आम्हाला हात आवरायला सांगणाऱ्यांनी एक दुपार तिथे उभं राहून बघावं, असं मला अजूनही वाटतं. पण या माणसाने अंगावर गाडी घातली नव्हती. त्याने प्रश्न विचारला होता.

मी दवाखान्यात गेलो. खरं का सांगितलं नाही, असं विचारलं.

"कुणाला सांगू, साहेब? जबाब घ्यायला तीच माणसं आलती."

नवा जबाब घेतला. त्याच्यावरचा गुन्हा खोटा असल्याचा अहवाल कोर्टात गेला. हवालदार निलंबित झाला, त्याच्यावर मारहाणीचा गुन्हा नोंदवला. ठाण्यात बरेच दिवस माझ्याशी कोणी धड बोललं नाही. मला त्याचा रागही आला आणि वाईटही वाटलं.

या प्रकरणाने मला एवढं शिकवलं की, मार काठीपासून सुरू होत नाही. समोरच्याचा साधा प्रश्न आपल्याला अपमान वाटू लागतो, तिथे तो सुरू झालेला असतो. पुढे प्रत्येक तपासणीआधी मी माझ्या माणसांना हे सांगत राहिलो. काहींनी ऐकलं.

काही महिन्यांनी तो कबनूरचा माणूस मला जयसिंगपूरच्या स्टँडवर भेटला. हात बरा होता, पण तुटलेला धागा जोडायला बोटं वळत नव्हती. मागाचं काम सुटलं होतं. बहिणीकडे जाणं होतं का, म्हणून विचारलं.

"जातो की. शिरोलीकडनं फेरा मारून."

त्या नाक्यावर आता ती माणसं नाहीत, मी म्हणालो. हेल्मेट घाला, कागद जवळ ठेवा, काही भीती नाही.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "साहेब, तवा बी कागद हुतेच की."

हवालदारावर कारवाई झाली, माझं काम मी केलं, असं मी धरून चाललो होतो. त्या माणसापुरता तो रस्ता अजून बंदच आहे.