भोंगेवाल्या भाऊंचा जंगी मुकाबला

माझे वडील आमच्या गावी, जळगावकडे, जलशात गायचे. जलशात गाणी असायची, मध्येच थोडं नाटक, थोडं भाषण. माणसं हसायची आणि घरी जाताना दारूबद्दल, मुलांच्या शाळेबद्दल आपसांत बोलत जायची. मी वडिलांच्या मागे बसून झील धरायला शिकले, म्हणजे त्यांनी ओळ सोडली की ती उचलून धरायला. सातवी पास झाले, लग्न झालं आणि सुरतेला आले. साठ सालानंतरची पहिली दोन-तीन वर्षं असतील ती.

आम्ही उधन्याला राहायचो. माझे यजमान मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते आणि सुट्टीच्या दिवशी ढोलकी वाजवायचे. वस्तीत सगळी आपल्याकडची, कुणी खानदेशातून, कुणी वऱ्हाडातून आलेली. विहार म्हणजे तेव्हा पत्र्याची एक शेड होती. तिथे रविवारी सकाळी वंदना झाली की मी वडिलांची गाणी म्हणायची. यजमान ढोलकी धरायचे, शेजारचे एक जण पेटी वाजवायचे. असं करता करता आमची गायन पार्टी झाली. जयंतीला लोक बोलवायला लागले. आमच्या लोकांत जयंती म्हटलं की एकच जयंती, कुणाची ते विचारायचं कारण नाही. पण ती महिना-दीड महिना चालते, आज या वस्तीत तर उद्या त्या. सासूबाईंना आधी ते पटेना. “बाईमाणूस मांडवमा गाई?” म्हणाल्या. मग एकदा स्वतः येऊन बसल्या आणि त्यानंतर कधी काही बोलल्या नाहीत.

भाऊ आमच्या आयुष्यात आले ते भोंग्यामुळे. त्यांचं लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं. लग्न असो, गणपती असो, जयंती असो, भोंगे त्यांचेच. सगळे त्यांना भोंगेवाले भाऊ म्हणायचे. सगळ्या वस्त्यांत ओळख, कुणाला कोण पार्टी हवी ते त्यांना ठाऊक, म्हणून हळूहळू प्रोग्रामही तेच ठरवायला लागले. माणूस हसतमुख. मराठी बोलता बोलता गुजरातीत शिरायचे आणि परत यायचे. माझ्याशी पहिल्यांदा बोलले तेव्हा म्हणाले, “वहिनी, आवाज तुमचा फर्स्टक्लास. पण एकट्या बाईचं गाणं पब्लिक किती वेळ ऐकणार? पब्लिकला मजा पडली पाहिजे.”

त्यांची मजा म्हणजे मुकाबला. एका बाजूला गायक, एका बाजूला गायिका, दोघांच्या पार्ट्या समोरासमोर. त्याने तिला टोमणा मारायचा, तिने उलटवायचा. अशा जोड्या तेव्हा सगळीकडे चालायच्या. मी म्हटलं, मला वडिलांची गाणी येतात, भांडण येत नाही. भाऊ म्हणाले, “येईल. वांधो नाही. आधी मुकाबला, मग शेवटी तुमच्या वडिलांचं गाणं. पब्लिक जमलं तरच गाणं ऐकेल ना?”

यजमानांना ते पटलं. मलाही तेव्हा पटलं.

माझ्यासमोर त्यांनी आणले ते गायक रेल्वेत गँगमन होते. तापीपलीकडे कोसाडला लायनीजवळच्या खोल्यांत राहायचे. उंच माणूस, मोठ्या मिशा, आवाज भरदार, आणि स्वभावाने इतके गरीब की पहिल्या दिवशी मला म्हणाले, “ताई, वर उभं राहिलं की मी काहीबाही बोलेन. मनावर घेऊ नका. खाली उतरलो की मी तुमचा भाऊच.” त्यांना मी दादा म्हणू लागले. त्यांची बायको, माझी वहिनी, भुसावळची. बुटकी, बोलकी, मी गेले की आधी हातात ताट द्यायची आणि मग कशी आहेस विचारायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. आम्ही रविवारी पॅसेंजरने कोसाडला जायचो, त्यांच्या दारात सराव करायचो आणि वहिनी आतून एकेक टोमण्याला हसायची.

टोमणे भाऊच लिहवून आणायचे, एका साचेवाल्या कवीकडून. दादा माझ्याकडे हात करून गायचे:

पदर खोचून आली बाई, आवाज करते मोठा,
घरात भाकर करपून गेली, नवऱ्याच्या पोटाला तोटा.

मग ढोलकी कडाडायची आणि मी उठायची:

मिशीला भरून पीळ बाहेर चाले वाघावानी,
घरी बायको खोकली की भिजल्या मांजरावानी.

शेवटच्या शब्दावर दादा मिशा खाली ओढायचे, खांदे पाडायचे आणि खरोखर भिजलेल्या मांजरासारखे दिसायचे. लोक हसून हसून लोळायचे. त्या दोन ओळी आमच्या नावाला चिकटल्या. बाजारात गेले तरी मागून कुणीतरी म्हणायचं, “वाघावानी!”

वडिलांचं गाणं मात्र शेवटी कधी झालंच नाही. मुकाबला लांबायचा, मग हारतुरे, मग कुणी नगरसेवक यायचा, त्याचं भाषण. तो बसला की लोक उठायचे. मी भाऊंना म्हणायची, “भाऊ, आज तरी.” ते म्हणायचे, “पुढच्या वेळी पहिलं तेच घेऊ.” पुढच्या वेळी पुन्हा तसंच. एकदा पोस्टर छापून आलं तर त्यावर माझ्या जागी दुसऱ्याच बाईचा फोटो, पावडर लावलेली, कानात झुंबर. मी विचारलं, ही कोण? भाऊ म्हणाले, “छापखान्यात हाच ब्लॉक होता. पोस्टर दुरून बघायचं असतं, वहिनी.” यजमान हसले. मी पण हसले असेन.

वाद घालायचा म्हटलं तर भाऊंशी वाद होत नसे. ते कशालाच नाही म्हणत नसत. लिंबायतला एकदा मांडवात मध्येच वीज गेली आणि भोंगे बंद पडले. मी तशीच, उघड्या आवाजात वडिलांचं गाणं सुरू केलं. पुढच्या बाया गप्प होऊन ऐकत होत्या. दोन कडवी झाली असतील, तोवर भाऊंनी कुठून तरी बॅटरी आणून जोडली आणि भोंग्यातून ओरडले, “हां तर मंडळी, जंगी मुकाबला पुढे चालू!” त्यांच्या चेहऱ्यावर मला मदत केल्याचा आनंद होता. तो खराच होता.

मग वहिनीला खोकला लागला. सुरुवातीला आम्ही म्हणालो, चुलीचा धूर. मग ताप यायला लागला, अंगातलं मांस गेलं. सरकारी दवाखान्यात दाखवलं, तर टीबी. भाऊंनीच ओळख काढून खाट मिळवून दिली, औषधासाठी दोनदा स्वतः धावपळ केली. हे सांगितलं पाहिजे, कारण त्यात काही खोटं नव्हतं.

त्या वर्षी जयंतीचे प्रोग्राम सुरू व्हायच्या आधी मी भाऊंना दुकानात जाऊन भेटले. ते भोंग्याच्या तोंडावर रंग मारत होते. मी म्हटलं, “ती ओळ काढा. बायको खोकली ती.”

“का?”

“का म्हणजे? ती तिकडे खोकतेय.”

त्यांनी ब्रश खाली ठेवला. “वहिनी, पब्लिकला थोडंच माहीत आहे? त्या ओळीसाठी तर लोक येतात.”

“खोकलीच्या जागी दुसरं काही घाला. ओरडली म्हणा.”

“मजा नाही पडत त्यात.” मग जरा विचार करून म्हणाले, “तुम्ही दादांनाच विचारा. ते म्हणतील तसं.”

मी दादांना विचारलं. ते दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसले होते, मांडीवर डबा. म्हणाले, “असू द्या, ताई. तिला पण ती ओळ आवडते. काल मला म्हणाली, आता खरंच खोकते, आता तरी मांजर हो.” आणि ते हसले. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. मी डब्याकडे बघत बसले.

तर त्या मोसमात मी ती ओळ गात राहिले. गोडादऱ्याकडे तेव्हा शेतं होती. तिथे एका खळ्यावर प्रोग्राम झाला, तिथेही गायले. तोंड गात होतं. मी कुठे होते ते मला सांगता येणार नाही.

वहिनी गेली ती एका बुधवारी. उन्हाळा चांगलाच तापला होता. आम्ही पॅसेंजरने कोसाडला पोचलो तेव्हा भाऊ आधीच तिथे होते. सामान, टेंपो, माणसं, सगळं त्यांनीच पाहिलं. भंतेजींना आणायलाही तेच गेले. सगळं आटोपून आम्ही लायनीकडेने परत चालत होतो, तेव्हा ते माझ्या यजमानांच्या बाजूला आले आणि हळूच म्हणाले, “रविवारचा उधन्याचा प्रोग्राम. पोस्टरं लागलीत. मैदान घेतलंय.”

मी म्हटलं, “भाऊ, रविवारी चारच दिवस होतील.”

“मला कळतं, वहिनी. पण जयंतीचं काम आहे. हे आपलं घरचं कार्य थोडंच आहे? समाजाचं आहे.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “दादांना मी विचारलंय. ते तयार आहेत.”

दादा पुढे चालत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण ऐकलं असावं.

मी म्हटलं, “मी ती ओळ म्हणणार नाही.”

“नका म्हणू. माझं काय म्हणणं आहे? तुम्हाला वाटेल ते म्हणा.”

इतक्या सहज ते हो म्हणाले आणि पुढे निघून गेले.

रविवारी संध्याकाळी मैदान भरलं होतं. दादा स्वच्छ पांढरा सदरा घालून आले होते. आम्ही एकमेकांना नमस्कार केला आणि आपापल्या जागी बसलो. भाऊंनी भोंग्यावर वहिनीबद्दल एक शब्द काढला नाही. मला वाटतं त्यांना ते दादांवर उपकार केल्यासारखं वाटलं असणार. मुकाबला सुरू झाला. दादांनी भाकरीची ओळ म्हटली, नेहमीसारखी, हात करून. ढोलकी कडाडली. मी उठले. पहिली ओळ म्हटली, वाघावानीपर्यंत. आणि थांबले.

मनात होतं की दुसरंच काही सुरू करावं. वडिलांचं गाणं ओठावर होतं. पण मी श्वास घेतला तेवढ्यात सगळं मैदान ओरडलं. बाया, पुरुष, पोरं, सगळी एका आवाजात. घरी बायको खोकली की. माझ्या यजमानांचे हात ढोलकीवर आपोआप पडले, त्या ओळीची थाप होती ती, वर्षानुवर्षांची. आणि दादांनी मिशा खाली ओढल्या, खांदे पाडले.

लोक हसले. दरवेळेपेक्षा जास्तच, कारण या वेळी ओळ त्यांनी स्वतः म्हटली होती.

मी पुढचं कडवं घेतलं. मग दादांनी त्यांचं घेतलं. कुणाचा सूर चुकला नाही, कुणी अडखळलं नाही. शेवटी हार घातले, कुणीतरी भाषण केलं. भाऊ पेटीपाशी येऊन म्हणाले, “ही आयडिया कशी सुचली वहिनी? पब्लिककडून म्हणवून घ्यायची? एक नंबर. दरवेळी असंच करू.”

मी पाण्याचा तांब्या उचलून प्यायले.

दादांना स्टेशनवर सोडायला आम्ही दोघे गेलो. गाडीला वेळ होता. यजमानांनी तीन अर्धे चहा सांगितले. मग दादा बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, “ताई, तुम्हीच म्हटली असती तर बरं झालं असतं. तुम्ही सुरात म्हणता.”

मी म्हटलं, “हो.”

गाडी आली, ते चढले, आम्ही घरी आलो. मी पीठ मळलं, भाकरी केल्या. सासूबाईंनी विचारलं, कसं झालं? म्हटलं, चांगलं झालं.

त्यानंतर दादा एक वर्ष गायले. मग त्यांची बदली झाली, बलसाडकडे. भाऊंनी दुसरा गायक उभा केला, तरुण, मिशा नसलेला. त्याला मिशा चिकटवल्या, कारण टोमणे तेच होते. पोस्टरही तेच, दादांचं नाव तसंच. लोकांना कळलं का? काहींना कळलं असेल. हसायचे सगळेच. मीही गात होते. वस्तीतल्या बाया म्हणायच्या, हल्ली तुझा आवाज फार स्वच्छ लागतो. लागत असेल.

बंद झालं तेही काही भांडून नाही. सत्तर सालानंतर लोकांना ऑर्केस्ट्रा हवा झाला. भाऊंनी सिनेमाच्या चालीवर जयंतीची गाणी म्हणणारी मुलं आणली, लाल-निळे दिवे आणले. आमच्याकडे यायचं कमी झालं, मग थांबलं. दारावरून गेले तर हात करायचे. मी रविवारी विहारात वंदनेनंतर गात राहिले. पत्र्याच्या शेडची आता पक्की इमारत झाली होती. ऐकायला पंधरा-वीस माणसं, त्यातली निम्मी घाईत. वडिलांची गाणी सगळी म्हणून झाली, एकेक करून. ऐकणाऱ्यांनी चांगलंच म्हटलं. मला पूर्वीसारखं काही होत नव्हतं, पण शब्द सगळे आठवत होते, तेवढं खरं.

दादा पुढे एकदा आमच्या मुलीच्या लग्नाला आले. दुसरं लग्न केलं होतं त्यांनी, बायकोला बरोबर आणलं होतं. ती शांत बाई. जेवताना मी तिला म्हटलं, तुमच्या यजमानांचा आवाज ऐकलात की नाही? तिने दादांकडे पाहिलं आणि मला विचारलं, “हे गातात?”

दादा वरणभात कालवत होते. म्हणाले, “गायचो. ड्यूटी बदलली, मग राहिलं.” आणि माझ्या यजमानांना विचारू लागले की मिलमध्ये नवे साचे आलेत म्हणतात, ते कसे आहेत.