पलंगावरून दिसणारी नदी

सगळी गल्ली त्याला पेंटर म्हणायची. उभी हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली. हात असा की पट्टी न लावता रेघ सरळ! आता त्याच हाताला कंप सुटला होता. पण गडी हट्टी. रेघ नाही तर नाही, ठिपका तर देता येतो ना?

बायको अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी आशा सोडली होती, यानं नव्हती सोडली. तिला नदीकाठी नेणं जमेना, तेव्हा नदीच घरात आणू म्हणाला, आणि तिच्या पलंगासमोर फळी टेकवून ठिपके द्यायला बसला. अलीकडे गवत, मधे पाणी, पलीकडे झाडं. जवळून बघाल तर नुसता रंगांचा गोंधळ. चित्र दिसायचं ते पलंगावरूनच. म्हणून कसं झालंय ते तो तिलाच विचारायचा.

एका दुपारी ती म्हणाली, "काठावर ती बाई कोण बसलीय हो?"

बाई? यानं बाई काढलीच नव्हती. थट्टा करतेय म्हणून हसत पलंगाशी आला, वळून बघितलं तर खरंच होती. पाठमोरी बाई, अंगावर हिचीच करडी शाल. जवळ गेला तर ठिपकेच ठिपके.

बाई रोज थोडी पाण्याकडे सरकायची. बायको मात्र खुशीत. पाय गार लागतात, बरं वाटतं म्हणायची. पेंटरच्या तोंडचं पाणी पळालं. बाई पाण्यात उतरली की सगळं संपलं, असं त्यानं मनाशी धरलं. मग काय, धंद्यातला माणूस धंद्यातलाच उपाय करणार! जुन्या पाटीवरची अक्षरं बुजवतात तशी त्यानं नदीच बुजवायला घेतली. निळ्यावर हिरवा, निळ्यावर हिरवा, सकाळपासून, जेवणखाण सोडून.

"अहो, तेवढं पाणी राहू द्या," बायको क्षीण आवाजात म्हणाली.

"गप पड गं. तुला जाऊ देणार नाही मी."

ती पुन्हा बोलली नाही. उन्हं उतरली तेव्हा पाण्याचा टिपूसही उरला नव्हता. हुश्श करून तो पलंगाच्या कडेला टेकला आणि समोर बघितलं.

काठ रिकामा होता. सलग हिरवं गवत पार पलीकडच्या झाडांपर्यंत गेलं होतं, आणि ती तिथे पोचली होती. आता तोंड याच्याकडे होतं.

त्यानं चाचपडत बायकोचा हात धरला. हात गार पडला होता.

"अगं," तो म्हणाला, "ती नदी तुला अडवून होती. मीच वाट करून दिली की गं."