तुमचा उपास आमच्याच दारात

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे तांदूळ निवडले. चौदा ऑगस्टची दुपार. पाऊस जरा थांबला होता. शाळेतून आणलेलं पोतं माह्या बायकोनं पडवीत चादरीवर ओतलं अन् मले म्हणे, "बसा. डोळे आहेत तवर कामात आणा."

मी चौथी शिकलो. आयुष्यभर कागद कारखान्यासाठी बांबू तोडला, कागदावर लिहिलं कधी नाई. पण हे मीच लिहिणार. दुसऱ्यानं लिहिलं तर तो गोड करीन.

धानोऱ्याच्या पुढं जंगलात मिशनची शाळा आहे. वसतिगृह बी आहे. माही बाई तिथं रांधायची. त्या शाळेत पंधरा ऑगस्टची एक रीत आहे. हरएक पोरगं घरून मूठभर तांदूळ आणते. गोंडाचं आणते, बंगाली वस्तीतलं आणते, सिरोंचाकडून आलेलं तेलगू बोलणारं आणते. ख्रिस्ती, आमचे जयभीमवाले, मोठ्या बंगल्यातले, सगळे. ते सगळे तांदूळ एका गंजात शिजतात अन् सगळे एका पंगतीत खातात. देशासाठी जे मेले ते काही एका घरचे नव्हते, म्हणून. कोण्या जुन्या सिस्टरनं लावून देलेली रीत. ती सिस्टर कधीच गेली, रीत राह्यली.

आता जाड तांदूळ अन् बारीक तांदूळ संगं टाकला तर एक कच्चा राह्यते, दुसऱ्याचा गोळा होते. म्हणून ती आदल्या दिवशी वेगळे करायची. जाडा आधी भिजू घालायची. माह्या हातून चुकलं का हातावर चापट.

"हा बारीक दिसते तुमाले? बांबू पाहू पाहू नजर बी तेवढीच जाड झाली."

"मंग तूच कर ना."

"करतो ना मीच. तुमी फक्त बसा, माशा हाकला."

सरतेशेवटी ती उठली, घरातल्या डब्यातून एक मूठ आणली अन् ढिगावर टाकली. दरसालची गोष्ट. ती मूठ आमच्या पोराची. तो त्याच शाळेत शिकला, तिच्याच हातचं खाऊन. मंग पोलिसात लागला, जंगलातल्या पथकात. रस्त्यात सुरुंग फुटला. पेटी आली, पेटी उघडू देली नाई. एवढंच. त्याच्यावर मी जास्त लिहीत नाई.

पंधरा ऑगस्ट हा त्या लोकाईचा मरियेचा सण बी राह्यते. सकाळी मिस्सा, म्हणजे त्याईची प्रार्थना होते, मंग झेंडा. मिस्सेत फादर मेलेल्या जवानाईची नावं घेतात अन् एकेकाची मेणबत्ती लागते. आमी बुद्धाचे. तरी ती दरसाल जाये, पोराची मेणबत्ती लावे, भिंतीले टेकून उभी राहे. मी विचारलं होतं एकदा, "तुले काय समजते त्याच्यातलं?" तर म्हणे, "नाव समजते. सालातून एक दिवस माह्या पोराचं नाव कोणी मोठ्यानं घेते. आपण दोघं तर घेतच नाई."

खरं होतं. घरात आम्ही नाव घेत नव्हतो.

त्या साली पाहुणा म्हणून एक ठेकेदार आला. रस्त्याचे ठेके, गाड्या, सगळं. त्याची दोन पोरं त्याच शाळेत. मोठा माणूस. बोलला बी चांगला. म्हणे, "आज आपण मोकळा श्वास घेतो तो या शूर सुपुत्रांमुळे." मंग आमच्या पोराचं नाव घेतलं अन् म्हणे, "या शाळेला मी सभागृह बांधून देतो. त्याला या शहीदाचं नाव राहील." पोराईनं टाळ्या वाजवल्या. फादरचा चेहरा फुलला. त्या शाळेत पोरं पत्र्याखाली जेवतात, पाऊस तिरपा आला का ताटात पडते. फादर किती वर्षापासून हॉल हॉल करून राह्यले होते.

माह्या बाईनं माही बाही धरली. "ऐकलं का? भिंतीवर नाव. आपण मेलो तरी राहीन."

तिले स्टेजवर बोलावलं. ती रांधनीतून तशीच आली, पदराले हात पुसत. ठेकेदाराच्या बायकोनं तिच्या खांद्यावर शाल टाकली, हात जोडले. फोटो निघाले. अन् मंग आमची सिस्टर, केरळातली, साधी बाई, तिनं माईक घेतला. मोठ्या अभिमानानं म्हणे, "आणि आज आपण जो भात खाणार, तो या वीरमातेने स्वतः शिजवला आहे." अन् माह्या बाईचं पूर्ण नाव घेतलं. आडनावासकट.

तिले बिचारीले काय माहीत, आमच्या इकडं आडनावात काय काय राह्यते. ती दूरची. तिले वाटलं मान वाढवून राह्यली. इतकी वर्षं माही बाई रांधनीत धुरात होती, कोणी विचारलं नव्हतं का रांधते कोण. त्या दिवशी माईकवर कळलं.

पंगत बसली. ठेकेदार, त्याची बायको, शाळेच्या कमिटीतले चारदोन घरं पहिल्या ओळीत. माही बाई शाल कमरेले खोचून भाताचं घमेलं घेऊन निघाली. पहिल्या ओळीपाशी आली तर ठेकेदाराच्या बायकोनं पत्रावळीवर हात धरला.

"आमचा उपास आहे हो आज."

तिच्या बाजूच्या बाईनं बी हात धरला. "आमचा बी."

मंग तिसरीनं. नवरे उठून मोबाईलवर बोलायले गेले. सारी ओळ उपाशी. माही बाई घमेलं धरून वाकलेली, तशीच. वाफ तिच्या तोंडावर. मी समोरच्या ओळीत होतो. मले वाटलं, असन एखादा उपास. मोठ्या लोकाईचे बहुत उपास राह्यतात. तेवढ्यात ठेकेदाराचं लहान पोरगं म्हणे, "मम्मी, भात पाहिजे. माझी पण मूठ आहे त्यात." त्याले तिनं उचललं, गाडीत नेलं. गाडीच्या काचेतून दिसत होतं. डब्यातले लाडू खाऊन राह्यलं होतं, तोंड भरून.

माह्या बाजूले एक गोंड म्हातारा बसला होता, एका पोरीचा आजा. त्यानं त्या ओळीकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. म्हणे, "भाऊ, हे लोक सगळे एकदमच उपाशी कसे झाले?" अन् आपली पत्रावळ पुढं सरकवली. "बाई, मले दोनदा वाढ." तो समजला होता. मी बी तवाच समजलो.

मंग फादर आले. फादर झारखंडकडचे, आदिवासीच. वाईट माणूस नाई. हळू आवाजात म्हणाले, "बाई, आप जरा अंदर बैठो. वाढायला दुसरं कोणी येईल. थोडा समझो."

तिनं घमेलं खाली ठेवलं. आत गेली अन् चुलीपाशी बसली. शाल तशीच कमरेले खोचलेली. पोरं तिले शोधत आत आले तर त्याईले म्हणे, "जा बाबू, बाहेर वाढून राह्यले."

घरी येताना मी बोललो. मी बोलणारा माणूस आहे. "पोरगं चालते त्याईले. पोराची माय नाई चालत. नाव नाई द्यायचं आपण."

ती म्हणे, "माहं काय, मी तर जन्मभर चुलीमागंच बसली. नाव लागू द्या. पोराचं हाय ते."

"तुले लाज नाई वाटली?"

"वाटली. पण नाव लागू द्या."

दुसऱ्या दिवशी तिले थंडी वाजून आली. आमच्या इकडं पावसाळ्यात ताप नवा नाई. गोळ्या देल्या. उतरला, चढला. मंग ती काहीबाही बोलायले लागली, मलेच पोराच्या नावानं हाका मारे. गडचिरोलीले नेलं. डॉक्टर म्हणे मलेरिया डोक्यात गेला. शुद्धीवर आली तवा एकदाच नीट बोलली. "हॉल झाला का?" मी म्हणलं, "होऊन राह्यला." मंग नाई बोलली.

मले रडता येत नाई. बांबूच्या जंगलात एकट्यानं राह्यलेल्या माणसाले रडायची सवय राहत नाई. मी नुसता तिच्या हाताकडं पाहत होतो. भातानं पोळलेले डाग होते. ते सगळे माह्या ओळखीचे.

ती गेल्यावर पुण्यानुमोदनाले घरासमोर मांडव टाकला. बुद्धाची अन् बाबासाहेबाची तसबीर, तिच्या बाजूले तिचा तोच शालवाला फोटो, दुसरा नव्हताच. त्रिशरण झालं, पंचशील झालं. वस्ती आली. तो गोंड म्हातारा आला. फादर आले, सिस्टर आल्या. सिस्टर खाली बसून जेवल्या, डोळे पुसत. त्याईले नंतर कोणीतरी समजावून सांगतलं होतं ते आडनावाचं. माहे दोन्ही हात धरले अन् म्हणे, "दादा, मला माहीत नव्हतं." मी म्हणलं, "सिस्टर, तुमी नाव घेतलं. त्याच्यात चूक काय? ज्याईनं ऐकलं त्याईचं बघा."

अन् ठेकेदार आला. गाडी मांडवापर्यंत. फोटोले हार घातला. मी खुर्ची देली. तो म्हणे, "काका, बाईंची फार इच्छा होती असं फादर म्हणाले. पायवा खोदून झाला. बोर्ड पण लावला. उद्घाटनाला मंत्री आणतो. तुम्ही फक्त स्टेजवर बसा. घरच्यांचा होकार पाहिजे, एवढंच."

तिचा शब्द माह्या गळ्यात होता. लागू द्या म्हणली होती. मेलेल्या माणसाचा शब्द मोडायले जीव होत नाई. मी हो म्हणणार होतो. खरं लिहितो, हो म्हणायले तोंड उघडलंच होतं.

तेवढ्यात माह्या पुतणीनं त्याच्यासमोर ताट आणलं. वरण, भात, वांग्याची भाजी.

त्यानं हात जोडले. "नको बेटा. आज माझा उपास आहे."

पुतणीनं पाणी पुढं केलं.

"पाणी आहे गाडीत." ड्रायव्हरनं बाटली आणून देली. त्यानं झाकण उघडलं अन् माह्या बाईच्या फोटोसमोर बसून गटागटा प्यायला.

मी विचारलं, "साहेब, एक सांगा. तुमचा उपास आमच्याच दारात कसा काय लागते?"

तो हसला. "काका, तुम्ही पण... डॉक्टरनं मना केलंय, तेलकट चालत नाही."

"पाण्यात तेल राह्यते का?"

फादर खाली पाहत होते. तो उठला, घड्याळ पाह्यलं, म्हणे, "दुःखात आहात, मी समजू शकतो." अन् गेला. गाडी वळताना मांडवाचा एक बांबू पडला. त्यानं काच खाली नाई केली.

रातभर नाई, पण बहुत वेळ मी तिच्याशी भांडलो. मनातच. तू म्हणली नाव लागू द्या. तू मेली. तुले चुलीमागं बसवणाऱ्याच्या भिंतीवर पोरगं टांगू का मी? या वेळी ती उलट बोलली नाई. लोकाईशी बी कधी बोलली नाई, तोच तिचा दोष होता. सारा जन्म उलट बोलली ती फक्त माह्याशी.

सकाळी मी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला अन् शाळेत गेलो. प्रार्थना अजून सुरू व्हायची होती. हॉलच्या पायव्यापाशी दोन लाकडी बल्ल्याईवर पत्र्याचा बोर्ड ठोकलेला. शहीद, मंग पोराचं नाव, बापाचं म्हणजे माहं नाव, आडनाव. खाली ठेकेदाराचं, त्याच्याहून मोठ्या अक्षरात.

मी पायव्यातली फुटकी वीट उचलली अन् घासायले लागलो. आधी पोराचं नाव. मीच ठेवलं होतं ते. रंग नवा होता, लवकर निघत नव्हता. वीट निसटे, बोटं सोलत होती.

फादर पळत आले. "भाऊ, हे काय करून राह्यले? पोरं पावसात जेवतात. हॉल गेला तर?"

"हॉल घ्या ना फादर. बांधू द्या त्याले. नाव त्याच्या बापाचं टाका. माह्या पोराचं नाई."

"बाईंची इच्छा होती."

"होती. बाई मेली. मी जित्ता आहे." मी म्हणलं. "माह्या पोराचं नाव असं फुकट नाई लागणार. ज्याले ते भिंतीवर पाहिजे, त्यानं आधी आमच्या घरचं पाणी प्यावं, सगळ्याईच्या समोर. अन् ऐका, पुढल्या पंधरा ऑगस्टले मी येईन. रांधता येत नाई मले, वाढता येते. पहिल्या ओळीपासून मी वाढीन. वाढायच्या आधी माईक घेईन अन् माहं आडनाव मीच सांगीन. ज्याचा उपास असन त्यानं तिथूनच घरी जावं. मले आत बसा म्हणायचं असन तर आत्ताच म्हणा."

फादरनं प्रार्थनेची घंटी वाजवणाऱ्याले हातानं थांब म्हणलं.

मी वीट पुन्हा उचलली. पोराचं नाव निघालं होतं, माहं निघालं होतं. आडनाव घासायले लागलो.