खांदेकऱ्यांचे अध्यक्ष

दुसऱ्याच्या वाट्याची लाज स्वतः वाहणारा माणूस मी इंग्लंडातल्या बेडफर्डमध्ये एकच पाहिला: आमच्या शेजारचे इटालियन आजोबा. बेकरीत कुणी शिळा पाव विकला, की दुकानदार निर्धास्त आणि आजोबांचे कान लाल. बस उशिरा आली तर ड्रायव्हरच्या वतीने तेच स्टॉपवरच्या बायकांची माफी मागत. माझ्या अंगणातले माजलेले गवत पाहून ते काही दिवस पडदे ओढून बसले. शेवटी एका सकाळी येऊन, मला न विचारता, कापून गेले.

तरुणपणी ते इथे विटांच्या भट्टीवर आले. गावाकडच्या कामगारांनी एकमेकांसाठी जे मदत मंडळ काढले, त्याचे ते अध्यक्ष. आजाऱ्याला डबा, विधवेला कोळसा आणि मेलेल्याला सहा सभासदांचे खांदे. अंडरटेकरच्या भाड्याच्या माणसांनी आपल्याला उचलायचे नाही, हा सर्वांत पवित्र नियम. पुढे डबा-कोळशाची गरज उरली नाही, पण खांद्यांचे अवघड झाले. म्हातारे सगळे बुटके, नातू सहा फुटांपलीकडे गेलेले. एका अंत्ययात्रेत पुढे नातू आणि मागे म्हातारे अशी शवपेटी निघाली. आतले गृहस्थ मागे घसरले, आणि तो आवाज सगळ्यांनी ऐकला. त्यानंतर आजोबा बरेच दिवस चर्चमध्ये मागच्या दाराने जात.

मग त्यांनी शिंप्याची टेप आणली आणि दिसेल त्या पुरुषाचा खांदा जमिनीपासून मोजू लागले. मलाही मोजले. "अगदी माप! प्रोफेसर, देव तुम्हाला इटलीलाच पाठवत होता, पत्ता चुकला."

"अहो, मी हिंदू आहे."

"पेटीखाली कोण विचारतो?"

मंडळाची नवी सेक्रेटरी म्हणजे त्यांची नात. तिने क्लबमध्ये योगा क्लास आणि क्विझ नाइट सुरू करून पोरींची गर्दी जमवली होती. "नोन्नो," ती आजोबांना म्हणाली, "अंडरटेकरची माणसं ट्रेन्ड असतात. लेट इट गो!"

"योगा करा," आजोबा म्हणाले. "पाठ बळकट होते. उचलायला बरी."

शेवटच्या दुखण्यात मात्र त्यांचा आवाज खाली आला. "प्रोफेसर, मला भाड्याची माणसं नकोत. तिला सांगायची लाज वाटते." पहिल्यांदाच ते स्वतःसाठी लाजत होते. मी नातीला सांगितले. तिने आजोबांच्या उशाची टेप घेऊन स्वतःच्याच खांद्याला लावली.

"अंकल, मी तुमच्याएवढीच आहे. त्यांनी मला कधी मोजलंच नाही."

आजोबांना तिने, योगा क्लासच्या चार मुलींनी आणि मी उचलले. पेटी जराही कलली नाही. दफनभूमीच्या चढावर माझा गुडघा कुरकुरला. मागून चालणारी एक मुलगी पुढे झाली. "अंकल, स्वॉप करू?" मी चटकन हो म्हटले.

रिकामा खांदा घेऊन मी मागून चालत राहिलो. मान वर करवेना. आजोबा फार हलके झाले होते. आणखी थोडे मला जमले असते.